मायलेकींची डोंगरवाट

श्रोतेहो, दानधर्म घरीं बसून करतां येतो. खिशांत हात घालावा, चार नाणीं काढावीं, ज्याला द्यावयाचीं त्याला द्यावीं आणि मोकळें व्हावें. परंतु ब्रिटनमध्यें एक निराळीच रीत रूढ झाली आहे. एखाद्या रुग्णालयासाठीं, अनाथालयासाठीं किंवा दूरदेशच्या विहिरीसाठीं पैसा जमवावयाचा असला म्हणजे तेथील माणूस स्वतःवर एखादें कष्टाचें काम ओढवून घेतो. अमुक मैल धांवेन, अमुक शिखर चढेन, असें तो चारचौघांत जाहीर करतो. आणि त्याचे आप्तेष्ट, शेजारीपाजारी व कचेरींतील सोबती त्या श्रमाच्या निमित्तानें आपापला वांटा त्या कार्यास देतात. ह्याला तेथें 'चॅलेंज' म्हणतात. आपल्याकडे नवस बोलतात तो देवापुढें. हा नवस शेजाऱ्यांपुढें बोललेला असतो, इतकाच भेद.

ब्रिटनमधील मुसलमान समाजानें ही रीत आतां आपलीशी केली आहे. तिचाच एक लहानसा प्रकार आज पाहावयाचा आहे. आई आणि मुलगी ह्यांनीं जोडीनें डोंगर चढावा, अशा दहावीस जोड्या एकत्र याव्या, आणि त्यांच्या श्रमांतून एखाद्या सत्कार्यास पैसा मिळावा, असा हा बेत असतो. दिसावयास गोष्ट साधी आहे. परंतु ती घडवून आणावयाची म्हटली म्हणजे काय काय करावें लागतें, हें पाहूं लागल्यावर असें दिसून येतें कीं, डोंगराची चढण शेवटची आहे. तिच्या अगोदरच्या अनेक चढणी घराच्या उंबरठ्याच्या आंतच आहेत.

प्रथम हीं माणसें कोण, तें पाहूं. २०२१ सालच्या शिरगणतींत इंग्लंड व वेल्स मिळून सुमारें ३९ लक्ष मुसलमान नोंदले गेले. म्हणजे शेंकडा साडेसहा. बर्मिंगहॅम शहरांत तर दर दहा माणसांत तीन मुसलमान होते. ह्यांचीं मूळ घरें निरनिराळीं. बोल्टन, ब्लॅकबर्न, लेस्टर येथें सुरत-भडोचकडील गुजराती कुटुंबें पुष्कळ. पूर्व लंडनमध्यें सिल्हेटकडील बंगाली. आणि बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड येथें काश्मीरच्या मिरपूर भागांतील. १९६७ सालीं पुऱ्या झालेल्या मंगला धरणाच्या पाण्याखालीं त्या मिरपूर भागांतील गांवेंच्या गांवें गेलीं; एक लाखाहून अधिक माणसें विस्थापित झालीं, आणि त्यांतील कित्येकांनीं ब्रिटनची वाट धरली. मागाहून त्यांचीं बायकामुलें गेलीं, सोयरीकसंबंध झाले, सुना गेल्या.

आतां उदाहरणापुरती अशी कल्पना करूं कीं, बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागांत अशीच एक सून म्हणून आलेली आई राहते. वय पन्नाशीच्या आसपास. मिरपूरच्या टेकड्यांवर तिचें बालपण गेलें. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन चढउतार करणें हा तिचा नित्याचा परिपाठ होता. बर्मिंगहॅमला आली आणि तिचें चालणें संपलें. घर, स्वयंपाकघर, मुलांची शाळा, दुकान. आणि ह्या सर्वांना जोडणारी मोटार. तिची मुलगी सोळा-सतरा वर्षांची. तिचा जन्मच त्या शहरांतला. टेकडीवरची घागर तिनें पाहिली नाहीं. परंतु नकाशा वाचणें तिला येतें. त्या देशांत १९५६ सालापासून ड्यूक ऑफ एडिंबरो ह्यांच्या नांवाची एक योजना चालू आहे. तींत तरुण मुलामुलींना पाठीवर सामान घेऊन रानावनांतून चालावयास आणि तंबूंत राहावयास शिकवितात. मुलीला डोंगर शाळेनें दाखविला. आईला तो त्या देशांत कोणींच दाखविला नाहीं. आई डोंगराला अनोळखी नाहीं. तिला अनोळखी आहेत ते बूट.

अशा घरांत मुलगी एके दिवशीं म्हणते, "अम्मी, आमच्या मशिदींतल्या बायका वेल्समधला सर्वांत उंच डोंगर चढणार आहेत. विहिरीसाठीं पैसे जमवावयाचे आहेत. आपण दोघी जाऊं." आणि आई उत्तर देते, "बेटी, तूं जा. मी तुझा डबा करून देतें."

श्रोतेहो, सारा प्रश्न ह्या एका उत्तरांत सामावला आहे. समाजांतील कोणतेंहि सत्कार्य घ्या, त्यांत आईचा वांटा असतोच; परंतु तो डब्याचा असतो, वाटेचा नसतो. आईला डब्याच्या बाजूनें उठवून वाटेच्या बाजूला आणावयाचें, हेंच अशा योजनेचें खरें काम आहे. बाकीची व्यवस्था सर्व त्या एका कामासाठीं आहे.

हें काम उपदेशानें होत नाहीं. 'व्यायाम करा, मोकळी हवा घ्या' असें सांगणारीं पत्रकें त्या देशांत थोडीं नाहींत. आईच्या नकाराच्या मागें दहा लहान लहान कारणें असतात, आणि तीं ती बोलून दाखवीत नाहीं. योजना करणाऱ्या स्त्रियांनीं तीं ओळखून एकेक करून दूर करावयाचीं असतात.

पहिलें कारण मर्यादेचें. स्त्रीनें दूरचा प्रवास पतीवांचून अथवा जवळच्या पुरुष आप्तावांचून करावा कीं नाहीं, ह्याविषयीं इस्लामी धर्मशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. ह्या वादांत योजकांनीं पडूं नये, आणि तो क्षुल्लकहि समजूं नये. जी आई हा प्रश्न विचारील तिला आपल्या भरंवशाच्या विद्वानास विचारण्याइतका अवकाश द्यावा. तारीख तीन महिने आधीं जाहीर करावी, प्रवास स्त्रियांच्या समूहाचा ठेवावा, आणि ज्या घरांना पुरुष सोबत हवा असेल त्यांतील पुरुषांनीं त्याच गाडींतून यावें व खालीं गांवांत थांबावें, अशी सोय असावी. सोय दिसली म्हणजे निम्मा विरोध आपोआप मावळतो.

दुसरें कारण कपड्यांचें. सलवार-कमीज अथवा लांब झगा घालून डोंगर चढतां येतो. लज्जा आणि चालणें ह्यांत वैर नाहीं. वैर आहे तें ओल्या सुती कापडाशीं. सूत पाणी धरून ठेवतें, आणि थंड वाऱ्यांत ओला सुती कपडा अंगाची ऊब शोषून घेतो. म्हणून आंत लोंकरीचा किंवा लौकर वाळणारा कपडा, वर सैल पोशाख आणि त्याच्यावर पाऊस व वारा अडविणारा अंगरखा, अशी तीन पदरांची रचना सांगावी. लांब झगा घोट्याच्या वर येईल असा असावा, नाहींतर उतरतांना पायांत अडकतो. डोक्याचा रुमाल टांचण्यांनीं न टांचतां आंगच्या आंग बसणारा घ्यावा. शिखरावरच्या वाऱ्यांत सुटा पदर हातांनीं सांवरीत चालणें धोक्याचें. बूट मात्र खरे डोंगरी हवेत, आणि ते महाग असतात. येथें योजकांची परीक्षा होते. ज्यांना विकत घेणें जड त्यांच्यासाठीं उसने मिळवून ठेवावे, आणि ते देतांना कोणाला कळूं नये. बुटासाठीं हात पसरावा लागला तर आई पुन्हां डब्याकडेच वळेल.

तिसरें कारण नमाजाचें, आणि तें वाटतें तितकें अवघड नाहीं. वेल्समध्यें जून महिन्यांत दिवस फार मोठा. सूर्यास्त रात्रीं साडेनवाच्या पुढें. भल्या पहाटेची नमाज घरीं होते. दुपारची जुहरची तेवढी डोंगरावर येते. आणि हनफी पंथाच्या गणनेप्रमाणें असरचा समय होण्यापूर्वीं मंडळी खालीं उतरलेली असतात. वजूला पाणी थोडें पुरतें. सकाळीं वजू करून मोजे चढविले असतील तर पाय पुन्हां न धुतां त्यांवरून ओला हात फिरविण्याची मुभा धर्मानेंच दिली आहे; घरीं राहणाऱ्यास एक अहोरात्र, प्रवाशास तीन. कोणते मोजे चालतात ह्याविषयीं पंथापंथांत फरक आहे, तेव्हां तें आधींच विचारून घ्यावें. स्वच्छ भूमि हीच मशीद. काबा तेथून आग्नेयेस येतो. तेव्हां एकच होकायंत्र वाटहि दाखवितें आणि किब्लाहि. मात्र नमाजाची जागा वाटेपासून बाजूला व सपाटीवर, वाऱ्याच्या आडोशाला असावी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची अडचण होत नाहीं.

चौथें कारण सांगावयास संकोच वाटतो म्हणून पुष्कळ योजनांत तें राहूनच जातें. वाटेवर शौचाची सोय कोठें आहे आणि कोठें नाहीं, हें आधीं स्पष्ट सांगितलें पाहिजे. आणि स्त्रियांच्या नैसर्गिक अडचणी स्त्रीनेंच स्त्रीला समजावून सांगाव्या. एवढ्यासाठीं तरी पुढें चालणारी मार्गदर्शक स्त्री हवी. ब्रिटनमध्यें डोंगरांत मंडळी नेणारांसाठीं रीतसर परीक्षा आहे. ती उत्तीर्ण झालेली बाईच नेमावी. केवळ उत्साही बाई नको. मुली अठरा वर्षांखालील असल्यास बरोबर काम करणारांची गुन्ह्यांच्या नोंदीविषयींची तपासणी झालेली असावी, ही त्या देशाची सामान्य शिस्त आहे. दहाएक माणसांमागें एक मार्गदर्शक असावी आणि प्रत्येक तुकडीच्या शेवटीं एक जाणती बाई चालावी. सूचना इंग्रजींत छापून भागत नाहीं. उर्दूंत, आणि त्याहून बरें म्हणजे घरच्या बोलींत, तोंडीं सांगाव्या.

डोंगर कोणता निवडावा? वेल्समधील सर्वांत उंच शिखर १०८५ मीटरचें. इंग्रजींत त्याला स्नोडन म्हणत. २०२२ सालापासून तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळानें 'अर विद्वा' हें मूळ वेल्श नांवच वापरावयाचें ठरविलें आहे. त्यावर चढणाऱ्या वाटांपैकीं लॅनबेरिस गांवाहून निघणारी वाट सर्वांत सौम्य; जाऊन येऊन सुमारें साडेचौदा किलोमीटर, आणि चढ साडेनऊशें मीटरांहून थोडा अधिक. सरावलेल्या माणसाला सहासात तास लागतात. मायलेकींच्या मेळ्यानें आठ धरावे. १८९६ सालापासून त्या शिखरावर आगगाडीहि जाते; तेव्हां ज्या आजीबाईंना चालवत नाहीं त्या डब्यांत बसून वर येऊं शकतात, आणि नातीला शिखरावर भेटूं शकतात. तिकिटें मात्र आगाऊ काढावीं लागतात, आणि हवा बिघडली तर गाडी शिखरापर्यंत जात नाहीं.

परंतु स्मॉल हीथहून उठून एकदम अर विद्वावर जावयाचें नसतें. दुरून डोंगर साजरे, ही म्हण जितकी आपल्याकडे खरी तितकीच तेथें. पहिला महिना शहरांतील कालव्याच्या कांठानें आठवड्यांतून दोनदां चालावें. दुसऱ्या महिन्यांत शहराजवळच्या लिकी टेकड्या. त्यांची उंची तीनशें मीटरांच्या आंतबाहेर. तिसऱ्या महिन्यांत मॉल्व्हर्नच्या डोंगरावर, ४२५ मीटरांपर्यंत. ह्या सरावाचा एक लाभ असा कीं, बूट पायांत बसतात. दुसरा लाभ मोठा आहे. आठवड्यांतून दोन वेळां आई आणि मुलगी दोन तास शेजारीशेजारी चालतात. समोरासमोर बसून ज्या गोष्टी बोलल्या जात नाहींत त्या शेजारीशेजारी चालतांना बोलल्या जातात. मुलीचें पुढचें शिक्षण, तिचें लग्न, तिच्या शाळेंत तिला ऐकावे लागणारे शब्द, आईचें मागें राहिलेलें गांव. ह्या बोलण्याचा हिशेब कोणत्याहि अहवालांत येत नाहीं.

आतां पैशाकडे वळूं. समजा, वीस जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीनें ३०० पौंड मिळविले, तर ६००० पौंड झाले. देणारे जर प्राप्तिकर भरणारे असतील आणि त्यांनीं तसें लिहून दिलें, तर 'गिफ्ट एड' ह्या १९९० सालापासूनच्या योजनेप्रमाणें प्रत्येक पौंडामागें आणखी २५ पेन्स सरकारकडून संस्थेला मिळतात. म्हणजे १५०० पौंडांची भर. एकूण ७५००. परंतु आंकडा मोठा झाला म्हणजे जबाबदारीहि मोठी होते. पैसा ज्या संस्थेस द्यावयाचा तिची नोंद 'चॅरिटी कमिशन' ह्या सरकारी खात्याच्या दप्तरांत आहे कीं नाहीं, आणि तिचे हिशेब वेळेवर दाखल होतात कीं नाहीं, हें कोणासहि पाहतां येतें. तें आधीं पाहावें. चौकांत पेटी घेऊन उभें राहावयाचें असेल तर नगरपालिकेचा परवाना घ्यावा. आणि गाडीभाडें, मार्गदर्शकाचें वेतन, विमा हा खर्च देणगींतून वळता करूं नये. तो ज्याचा त्यानें वेगळा द्यावा. 'आमच्या सहलीसाठीं तुम्ही पैसे दिले' असें म्हणावयास कोणास जागा उरूं नये.

मुसलमान घरांत ह्याच्या जोडीला आणखी दोन पथ्यें आहेत. जकात म्हणजे संपत्तीचा चाळिसावा हिस्सा. तो कोणाला द्यावयाचा हें कुराणानें आठ वर्गांत नेमून दिलें आहे. सदका हा ऐच्छिक, तो कोणत्याहि सत्कार्याला देतां येतो. म्हणून देणाऱ्यास स्पष्ट विचारावें, 'ही जकात कीं सदका?' आणि दोन्ही पावत्या निराळ्या ठेवाव्या. दुसरें पथ्य असें कीं, तेथील धर्मदाय समारंभांत सोडतीचीं तिकिटें विकण्याची चाल आहे. इस्लामच्या दृष्टीनें तो जुगार, तेव्हां तो मार्ग बंद. त्याऐवजीं आयांनीं केलेले पदार्थ विकावे. डब्याचा मान असा राखतां येतो.

आणि प्रसिद्धीचें काय? उजव्या हातानें दिलेलें डाव्यास कळूं नये, असें दान त्या धर्मांत श्रेष्ठ मानलें आहे. तरी चांगल्या हेतूनें केलेल्या उघड दानालाहि मनाई नाहीं. चढाई जाहीर केल्याविना वर्गणी मिळत नाहीं, हें खरें. परंतु छायाचित्र काढण्यापूर्वीं प्रत्येक आईची परवानगी घ्यावी. एखादीला आपला चेहरा प्रसिद्ध व्हावा असें वाटत नसेल, तर डोंगराचा फोटो छापावा. तो नाराज होत नाहीं.

ह्या भीतीला कारणहि आहे. २०२१ च्या नाताळच्या दिवशीं 'मुस्लिम हायकर्स' ह्या मंडळाची शंभरावर माणसें पीक डिस्ट्रिक्ट ह्या डोंगराळ प्रदेशांत फिरावयास गेलीं. त्यांचीं चित्रें प्रसिद्ध होतांच कित्येकांनीं हिणकस शब्द लिहिले. डोंगर जणूं आपल्याच मालकीचा आहे अशा थाटांत हे लोक बोलत होते. त्यांना त्याच डोंगराचा इतिहास आठवला नाहीं. एके काळीं तेथील माळपठारें जमीनदारांनीं पक्ष्यांच्या शिकारीसाठीं राखून ठेविलेलीं होतीं, आणि मँचेस्टर-शेफील्डच्या कामगारांना तेथें पाऊल टाकण्याची बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजीं बेनी रॉथमन ह्या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढारपणाखालीं कांहीं शें कामगार ती बंदी मोडून किंडर स्काउट ह्या पठारावर चढले. पांच जणांना तुरुंगवास झाला. पुढें १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि १९५१ सालीं तोच प्रदेश ब्रिटनमधील पहिलें राष्ट्रीय उद्यान ठरला. आज जी वाट सर्वांची म्हणवते ती अशी मिळालेली आहे. स्मॉल हीथच्या आईचा तिच्यावर तितकाच हक्क आहे.

शिवाय मुसलमान स्त्री ब्रिटनच्या डोंगराला नवी नाहीं. लेडी एव्हलिन कॉबोल्ड ही स्कॉटलंडच्या उमराव घराण्यांतील बाई. लहानपणीं तिचे हिवाळे अल्जीयर्सला जात, तेथें तिला इस्लामची ओढ लागली. १९३३ सालीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, तिनें मक्केची यात्रा केली. ब्रिटनमध्यें जन्मलेल्या स्त्रियांत हज केल्याची नोंद असलेली ती पहिली. तीच बाई डोंगरांत हरणांच्या शिकारींत निष्णात होती. १९६३ सालीं ती वारली तेव्हां तिच्या इच्छेप्रमाणें स्कॉटलंडमधील ग्लेनकॅरन येथें डोंगराच्या उतारावर, मक्केकडे तोंड करून तिचें दफन झालें.

आतां प्रत्यक्ष चढाईचा दिवस. येथें एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. लॅनबेरिसला ऊन असलें तरी शिखरावर सहासात अंश थंडी अधिक असते, आणि वाऱ्यानें ती दुपटीनें झोंबते. ढग उतरला म्हणजे वीस पावलांपलीकडचें दिसत नाहीं. अशा वेळीं आपली उदाहरणांतील आई तीन चतुर्थांश वाट चढून आली आहे, आणि तिचे गुडघे थकले आहेत. मार्गदर्शक बाई म्हणते, "येथून परत फिरावें." आई विचारते, "मग लोकांनीं कबूल केलेल्या पैशांचें काय? मी शिखर गांठलें नाहीं. आतां विहिरीचे पैसे बुडाले ना?" आणि पैसे बुडूं नयेत म्हणून ती आणखी वर चढूं पाहते.

हा प्रसंग येऊं नये अशी तजवीज तीन महिने आधीं, कागदावरच करावयाची असते. वर्गणीच्या कागदावर 'शिखर गांठल्यास' असें कधींहि लिहूं नये. 'ह्या चढाईनिमित्त' असें लिहावें. दोन शब्दांचा हा फरक. परंतु पहिल्या शब्दांनीं माणूस संकटांत लोटला जातो, आणि दुसऱ्यांनीं तो सुखरूप घरीं येतो. परत फिरण्याची वेळहि आधींच ठरवावी: अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणीं पोंचलों नाहीं तर सर्वांनीं फिरावें, आणि त्यावर चर्चा नाहीं. चाल सर्वांत सावकाश चालणाऱ्या आईची धरावी. तरण्या मुलींनीं पुढें धांवूं नये, कारण त्या शर्यतीला आलेल्या नाहींत, सोबतीला आलेल्या आहेत. संकटाची खूण प्रत्येकीस पाठ असावी: एका मिनिटांत सहा शिट्या, मग मिनिटभर शांतता, पुन्हां सहा. ती ऐकून जे धांवून येतात ते डोंगरी मदत पथकांतील लोक स्वयंसेवक असतात. त्यांना वेतन नसतें आणि ते मोबदला मागत नाहींत. लॅनबेरिसचें पथक तर देशांतील सर्वांत अधिक हांका येणाऱ्या पथकांपैकीं एक आहे. दान मिळविण्यासाठीं निघालेल्यांनीं निष्काळजीपणानें दुसऱ्या दात्यांच्या जिवावर उठावें, ह्याहून मोठी विसंगति नाहीं.

म्हणून ती आई परत फिरली तर तिनें कांहीं गमावलें नाहीं. मुलगीहि तिच्याबरोबर फिरते. शिखर जवळ असतां फिरणें सतरा वर्षांच्या मुलीला सोपें नसतें. तिच्या मैत्रिणी वर जात असतात. तिनें तोंड फिरविलें आणि आईचा हात धरला, हीच त्या दिवसाची खरी चढाई. उतरतांना मात्र निराळाच प्रकार होतो. ओल्या दगडांवर पाऊल कसें टाकावें हें मुलीला नकाशानें शिकविलेलें नसतें. आईच्या पायांना तें मिरपूरपासून ठाऊक असतें. घागर सांडूं न देतां उतरण्याची ती जुनी सवय तीस वर्षांनीं जागी होते, आणि आई मुलीला सांगूं लागते, "बेटी, टांच आधीं नको टेकूं. गुडघा सैल सोड." वर जातांना मुलगी आईला नेत होती, खालीं येतांना आई मुलीला आणते.

मक्केंत सफा आणि मरवा ह्या दोन टेकड्या आहेत. बीबी हाजरा ही तान्ह्या इस्माईलला वाळवंटांत ठेवून पाण्याच्या शोधासाठीं त्या दोन टेकड्यांमध्यें सात वेळां धांवली, अशी श्रद्धा आहे. जमजमचा झरा तिच्या चढउतारानंतर फुटला. आज तो मार्ग मोठ्या मशिदीच्या आंत आला आहे. त्याची लांबी सुमारें साडेचारशें मीटर, आणि सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरांहून थोडें अधिक होतें. हजला जाणारा प्रत्येक जण, मग तो राजा असो वा रंक, पुरुष असो वा स्त्री, त्या एका आईच्या पावलांवरून चालतो. ज्या धर्मांत लेकरासाठीं पाणी शोधीत टेकड्या चढणाऱ्या आईच्या पायपिटीला उपासनेचें स्थान आहे, त्या धर्मांतील आईला विहिरीसाठीं डोंगर चढणें परकें कसें म्हणावें? आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या म्हाताऱ्या बायांना हें वेगळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

तेव्हां अशा योजनेचें यश कशानें मोजावें? जमलेल्या पौंडांनीं मोजावें, कारण विहीर पैशानेंच खणली जाते. त्याचा चोख हिशेब प्रत्येक देणाऱ्यास पोंचावा. शिखर गांठलेल्यांच्या संख्येनें मोजूं नये. आणि दुसरें एक माप आहे, तें पुढील वर्षीं कळतें. पुढील वर्षीं मुलगी कदाचित् कॉलेजांत दूर गेलेली असेल, आणि तरीहि एके सकाळीं ती आई आपले बूट काढून, पुसून, शेजारणीच्या दारावर थाप मारील आणि म्हणेल, "बहन, चल, कालव्यापर्यंत जाऊन येऊं." त्या दिवशीं डबा घरांत दुसऱ्या कोणी केला असेल, तर ती योजना सफल झाली असें निःशंक समजावें.